समोरून जोराचा वारा असताना गोल्फचा फटका कसा मारावा?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यात मे-जूनच्या वाऱ्यात १५० यार्डांच्या होलवर एरवी ग्रीनपर्यंत (होलभोवतीच्या बारीक गवतापर्यंत) पोहोचणारा ७ आयर्नचा (मध्यम पल्ल्याच्या लोखंडी क्लबचा) चेंडू समोरून वारा सुटला की उंच चढतो, हवेत थबकल्यासारखा होतो आणि वीस-पंचवीस यार्ड अलीकडे पडतो. जोर वाढवून पाहिला तर तो आणखी उंच जातो, पण पुढे काही सरकत नाही. मी हा खेळ पुण्यातच शिकलो आणि आता स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअरशायरमध्ये राहतो, जिथे वारा पडलेला दिवस क्वचितच मिळतो. इथे खेळून माझे जे मत पक्के झाले ते आधीच सांगतो: वाऱ्यात चेंडू कमी पडतो तो मुख्यतः त्याच्या उलट्या फिरकीमुळे, आणि जोर वाढवणे म्हणजे नेमकी तीच फिरकी वाढवणे.

क्लबचे तोंड तिरके असल्यामुळे चेंडू निघतो तोच मागच्या दिशेने गरगरत निघतो, आणि या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या फटक्यात ड्रायव्हरचा (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबचा) चेंडू मिनिटाला साधारण २७००, ५ आयर्नचा ५३०० आणि ७ आयर्नचा ७००० फेरे घेतो. आता वाऱ्याचा हिशेब पाहा. हौशी खेळाडूचा ७ आयर्नचा चेंडू ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो असे धरले आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर चेंडूच्या दृष्टीने हवेचा वेग १९० होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो सुरुवातीलाच सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, आणि त्याच वेळी वर उचलणारा रेटाही वाढतो. चेंडू पुढे जाण्याऐवजी चढत राहतो, चढताना त्याचा वेग खर्ची पडतो, आणि शेवटी तो जवळजवळ सरळ खाली येतो. आपण जे थबकणे पाहता ते हेच. त्यात आपण जोर लावला की चेंडू सुटण्याचा वेग थोडा वाढतो, पण फिरकीही वाढते. शिवाय जोराच्या नादात तोल आणि लय बिघडून चेंडू क्लबच्या मध्यावर बसत नाही.

चेंडूच्या आकाराचाही इथे संबंध आहे. आजच्या नियमांनुसार गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो, पण ब्रिटनमध्ये अनेक दशके ४१.१५ मिलिमीटरचा लहान चेंडू चालत असे, आणि समोरच्या वाऱ्यात तो जास्त पल्ला गाठतो म्हणून इथल्या जुन्या खेळाडूंना तो प्रिय होता. ‘द ओपन’ या ब्रिटनच्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत १९७४ पासून मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू नियमांतूनच गेला. तेव्हापासून वारा कापण्याचे काम पूर्णपणे खेळाडूच्या हातात आले आहे.

फटका प्रत्यक्ष कसा मारायचा, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे. नेहमीपेक्षा दोन क्रमांक मोठा, म्हणजे जास्त पल्ल्याचा क्लब घ्यावा (७ आयर्नऐवजी ५ आयर्न) आणि तो एखादा इंच खाली धरावा. चेंडू आपल्या स्टान्समध्ये (उभे राहण्याच्या पवित्र्यात) नेहमीच्या जागेपेक्षा एका चेंडूच्या रुंदीइतकाच मागे ठेवावा. पुष्कळ जण तो पार मागच्या पायापाशी नेतात, आणि मग क्लब कुदळीसारखा जमिनीत शिरतो. वजन सुरुवातीपासून पुढच्या पायावर किंचित जास्त असावे आणि ते तिथेच राहू द्यावे. बॅकस्विंग (क्लब मागे उचलणे) तीन-चतुर्थांश, म्हणजे हात खांद्याच्या उंचीवर थांबतील इतकाच घ्यावा. चेंडूला क्लब लागताना हात क्लबच्या तोंडाच्या थोडे पुढे असावेत, आणि फटका संपल्यावर दोन्ही हात छातीच्या उंचीवर थांबावेत. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हात कुठे थांबवायचे हे आधी मनाशी ठरवले की मधला स्विंग आपोआप संथ होतो, आणि संथ स्विंगमधून कमी फिरकीचा, खालून जाणारा चेंडू निघतो.

इथे एका गैरसमजाबद्दल सावध करावेसे वाटते. चेंडू खाली ठेवायचा म्हणून त्याच्यावर वरून घाव घालावा, असे सरावाच्या रेंजवर बरेच जण सांगतात. फिरकी ठरते ती फटक्याच्या क्षणी क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा आणि क्लब खाली येण्याची दिशा यांच्यातील कोनावरून. घाव जितका उभा, तितका हा कोन मोठा आणि फिरकी जास्त. असा चेंडू खालून निघतो खरा, पण पन्नास-साठ यार्डांनंतर वर उसळतो. ड्रायव्हरच्या बाबतीत टी (चेंडू ठेवण्याची खुंटी) अगदी खाली रोवल्याने हेच घडते, म्हणून टी नेहमीच्या उंचीवर किंवा जेमतेम थोडी खाली ठेवावी.

किती मोठा क्लब, यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: समोरच्या वाऱ्याचा वेग ताशी जितके मैल, तितके टक्के अंतर घटते, आणि पाठीमागच्या वाऱ्यात त्याच्या निम्मेच वाढते. ताशी २५ किलोमीटर म्हणजे साधारण १५ मैल. तेव्हा आपला १५० यार्डांचा होल १७२-१७५ यार्डांचा समजून खेळावा. ५ आयर्न नेहमीच्या लयीत, किंवा ४ क्रमांकाचा हायब्रिड (आयर्न आणि लांब पल्ल्याचे क्लब यांच्यामधला क्लब) तीन-चतुर्थांश स्विंगने, यांपैकी ज्यावर विश्वास असेल तो घ्यावा. छोट्या होलवर मोठा क्लब काढण्याचा संकोच मात्र सोडून द्यावा. आमच्या जवळच्या रॉयल ट्रून या कोर्सचा आठवा होल जेमतेम १२३ यार्डांचा आहे आणि ग्रीन इतके चिंचोळे आहे की त्याला ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणतात. १९७३ च्या ओपनमध्ये ७१ वर्षांच्या जीन सॅराझन यांनी तिथे ५ आयर्नने एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच कोर्सच्या सुमारे १०७ यार्डांच्या सातव्या होलवर १९९२ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी टॉम काइट यांनी वाऱ्यामुळे ६ आयर्न घेतला. ग्रीन हुकले, पण बाहेरून छोट्या चिप फटक्याने चेंडू होलमध्ये घालून त्यांनी तिथे बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि पुढे स्पर्धाही जिंकली.

वारा जोखताना चिमूटभर गवत उडवून पाहणे पुरेसे नाही, कारण ते आपल्या छातीच्या उंचीवरचा वारा सांगते, तर आपला चेंडू वीस-पंचवीस मीटर वर जाणार असतो आणि जमिनीपासून जसजसे वर जावे तसा वाऱ्याचा जोर वाढतो. पुण्यासारख्या झाडांच्या कोर्सवर टीची जागा, जिथून होल सुरू होतो, बऱ्याचदा आडोशाला असते. तिथे झाडांचे शेंडे, आपल्या ग्रीनचा झेंडा आणि शेजारच्या होलचा झेंडा हे तिन्ही पाहावेत. खालून जाणारा फटका यासाठीही फायद्याचा, की तो संथ हवेतूनच प्रवास करतो.

बाजूच्या वाऱ्यात चेंडू उलट वळवून वाऱ्याशी झुंजवण्याची कला अनुभवी खेळाडूंसाठी सोडून द्यावी. आपण ग्रीनच्या वाऱ्याकडील कडेवर, किंवा गरज पडल्यास त्याच्याही बाहेर नेम धरून सरळ फटका मारावा आणि वाऱ्याला तो आत आणू द्यावा. पाठीमागचा वारा असल्यास चेंडू चपट्या कोनातून उतरतो आणि लांब घरंगळतो, म्हणून तो ग्रीनच्या अलीकडे टाकावा.

ग्रीनवर लोक वाऱ्याला विसरतात, आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण तिथे फटके सहज वाचतात. जोराच्या वाऱ्यात पाय थोडे अधिक फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहावे, म्हणजे शरीर हलत नाही. गवत बारीक कापलेले असेल तर वारा चेंडूला खरोखरच ढकलतो. २०१५ च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला ग्रीनवरचे चेंडू जागेवर राहीनात म्हणून शनिवारी खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. २०१९ पासूनचा नियमही लक्षात ठेवावा: ग्रीनवर थांबलेला चेंडू वाऱ्याने हलला आणि आपण तो तोवर उचलला नसेल, तर दंड न होता तो नव्या जागेवरून खेळायचा, पण खूण करून, उचलून परत ठेवलेला चेंडू हलला तर तो मूळ जागी आणायचा. म्हणून वाऱ्याच्या दिवशी ग्रीनवर पोहोचताच चेंडूपाशी खूण करून तो एकदा उचलावा आणि पुन्हा जागेवर ठेवावा, म्हणजे झुळकीने तो उतारावरून बंकरकडे (वाळूच्या खड्ड्याकडे) गेला तरी आपली मूळ जागा शाबूत राहते.