मुलीला मेंढीच्या पोटावर संशोधन करायचंय

प्रश्न: आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगी बारावीला आहे, बायोलॉजी घेतलंय, नीटची तयारी चालू आहे. राजस्थानातून आलेले मेंढ्यांचे कळप बायपासजवळ उतरले होते. ते पाहून आल्यापासून ‘कोकरांची वाढ आणि लोकर त्यांच्या पोटातल्या जंतूंवर अवलंबून असते, मी त्यावरच काम करणार’ असं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, ‘एवढं शिकून मेंढरं वळायची का?’ काय सांगू तिला?
– एक आई

उत्तर:
ताई, नमस्कार.

आधी बाबांना सांगा, मेंढरं वळणं हलकं, असं निदान होळकरांच्या इंदुरात तरी म्हणू नये. मल्हारराव धनगराच्याच घरातले. आणि मुलगी म्हणते ते काम मेंढरं वळण्याचं नाहीच. ते सूक्ष्मजीवशास्त्राचं आणि रसायनशास्त्राचं आहे.

गवतातला सेल्युलोज मेंढीला स्वतःला पचवता येत नाही. तो फोडतात कोठीपोटातले, म्हणजे मेंढीच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले (रुमेनमधले) जंतू. तिथल्या एका मिलिलीटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, शिवाय प्रोटोझोआ (जिवाणूंहून मोठे एकपेशीय जीव) आणि बुरशी. चारा आंबवून ते जी आम्लं तयार करतात, त्यांतूनच मेंढीला सुमारे 70 टक्के ऊर्जा मिळते. कोकरू जन्मतं तेव्हा कोठीपोट लहान असतं, कामाला लागलेलं नसतं. दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. चारा-खुराक तोंडाला लागला की जंतू ब्युटिरिक आम्ल बनवू लागतात, त्याने कोठीपोटाच्या आतले अंकुर वाढतात आणि दोनेक महिन्यांत कोकरू नीट रवंथ करू लागतं. म्हणून त्या दिवसांतल्या खुराकाला फार महत्त्व आहे.

लोकरीची गोष्ट तर आणखी सुंदर. लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, ते बनायला गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर लागतात. ती मेंढीला मिळतात बरीचशी जंतूंच्याच शरीरातून, कारण पुढे आतड्यात हे जंतूच पचवले जातात. प्रोटोझोआ जिवाणूंना खातात, त्यामुळे हा पुरवठा घटतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत पोटातले प्रोटोझोआ काढून टाकल्यावर निकृष्ट चाऱ्यावरच्या मेंढ्यांचीही लोकर वाढली. जात आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहेच. पण चांगल्या वाढलेल्या कोकरांत जंतूंचा मेळ वेगळा दिसला, तर तो वाढीचं कारण की परिणाम? हे सोडवायला माणसं हवी आहेत, आणि तुमच्या मुलीला ते सतरा-अठराव्या वर्षी खुणावतंय. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता वाट. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासून आहे, तुमच्या घरून तासाभरावर. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पशुवैद्यकीय पदवीचा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम; तिची नीटची तयारी तिथेही उपयोगी पडेल. पुढे पशुपोषणात एम.व्ही.एस्सी., मग पीएच.डी. राजस्थानात टोंक जिल्ह्यातल्या अविकानगरला 1962 साली सुरू झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, बंगळुरूला पशुपोषणाची राष्ट्रीय संस्था. सगळं मिळून दहा वर्षं धरा. हे आजच घरात बोलून ठेवा, नाहीतर पाचव्या वर्षी ‘नोकरी कधी?’ सुरू होतं. मध्येच थांबायचं ठरलं तरी पशुवैद्यक म्हणून सरकारी सेवा, दवाखाना, पशुखाद्य कंपन्या आहेत.

नीटमध्ये जमलं नाही, तर मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करूनही प्रयोगशाळेच्या बाजूने या विषयात शिरता येतं. तरी माझा कल पशुवैद्यकाकडेच आहे. ज्याच्या पोटातले जंतू मोजायचे, ते जनावर हाताखालून गेलेलं असावं.

एक मात्र करा. फॉर्म भरण्याआधी परवानगी काढून तिला एक दिवस महूला पशुपोषण विभागात घेऊन जा. कोठीपोटातला रस नळीने काढतात, त्याला उग्र वास येतो, आणि हवा लागू न देता तो कोमटच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. बाबांनाही सोबत न्या. परतताना ती वासाबद्दल बोलते की जंतूंबद्दल, तेवढं ऐका आणि मला कळवा.