‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताखेतांची टीव्ही मालिका कोणत्या भागापासून (म्हणजे पर्वापासून) बघावी?

सांगलीच्या मैत्रिणीनं विचारलंय: दुसरा भाग आधीच्या काळातला आहे, मग तोच आधी बघू का?

अजिबात नको. आला त्याच क्रमानं बघ. २०१६ चा पहिला भाग अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरू होतो. वाड्यावर जमलेलं अख्खं कुटुंब एकमेकांकडे संशयानं बघतं. अण्णा नक्की कसा माणूस होता, हे कोडं तिथं मनात बसतं. मग २०१९ चा दुसरा भाग मागं जातो आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा भेटतात. अहाहा! पांढरं धोतर, ती रोखून बघायची नजर. भुतापेक्षा जिवंत अण्णांचीच भीती जास्त वाटते. अण्णांची प्रेयसी, अपूर्वा नेमळेकरची शेवंता, आली की विश्रामबागेतल्या आमच्या घरात कुणी पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही आणि आजी मागच्या दाराची कडी घातली का ते दोनदा विचारायची.

मालवणी बोली सुरुवातीला आपल्याकडच्या कानाला अडते, पण नाईकांच्या घरातल्या विसराळू गड्याचं, पांडूचं, ‘इसरलंय’ लवकरच तोंडात बसतं. २०२१ चा तिसरा सवडीनं बघ, माझा जीव दुसऱ्यातच आहे.