पहिली सुरी कोणती घेऊ?

प्रश्न: ट्रेकला जातो, आता जंगलात लाकूड तासणं, शेकोटीच्या काड्या करणं शिकायचंय. बजेट कमी आहे, फोल्डिंग चाकू चालेल का?

उत्तर: नका घेऊ, जोर लावला की आधी सांधाच ढिला होतो. फिक्स्ड पात्याची घ्या, स्वीडनची मोराकनिव्ह कम्पॅनियन बघा, पातं साधारण 10 सेंमी, प्लॅस्टिकचं म्यान सोबत येतं आणि धारेचा उतार रुंद नि सपाट असल्यामुळे तो दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो, नवख्यालाही धार लावता येते. कार्बन स्टीलवाली मस्त कापते पण सह्याद्रीच्या पावसात लगेच गंज धरते, म्हणून स्टेनलेस. पिक्चरमधल्यासारखे दातेरी पाठीचे चाकू निव्वळ शोभेचे, माझं मत. फांद्या तोडायला सुरी झिजवू नका, गावच्या लोहाराकडचा कोयता घ्या. आणि हो, विमानात केबिन बॅगेत टाकू नका.