नेट-एसएनएमपी: एका पॅकेटने एजंट का पडतो?

सर्व्हरची खबर मॉनिटरिंगला देणाऱ्या नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरमध्ये २०२२ मध्ये दोन त्रुटी नोंदल्या गेल्या: सीव्हीई-२०२२-४४७९२ आणि ४४७९३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा जाहीर क्रमांक). त्यांवर तेच ते प्रश्न अजून येतात.

प्रश्न: यात सर्व्हर बंद पडतो का? डेटा जातो का?
दोन्ही नाही. फक्त एसएनएमपीडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा नेट-एसएनएमपीचा एजंट, मरतो आणि मॉनिटरिंगचे आलेख कोरे राहतात.

प्रश्न: आमची आवृत्ती ५.९.१. स्कॅन करणारी कंपनी म्हणते, तातडीचे पॅकेज घ्या.
आधी खिसा बंद ठेवा. मूळ दुरुस्ती ५.९.४ मध्ये आहे. पण डेबियन, रेड हॅट ही लिनक्स वितरणे जुना आकडा कायम ठेवून दुरुस्ती आत घालतात. नुसता आकडा पाहून लाल शेरा मारणे म्हणजे तपासणी नव्हे. बसवलेल्या पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा. सापडला नाही, तर वितरणाची सुरक्षा सूचना पाहा.

प्रश्न: लेखनाची कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) 'प्रायव्हेट'च आहे, पण ती एकाच आयपीला दिली आहे. मग भीती कसली?
नेमकी हीच समजूत घातक आहे. हल्लेखोर 'सेट' (सेटिंग बदलण्याची) विनंती पाठवतो, तिच्यात किमतीच्या जागी 'नल', म्हणजे काहीच नसते. कोड किंमत आहे असे धरून ती वाचायला जातो आणि कोसळतो. यासाठी लेखनाचा अधिकार लागतो, आणि तो तुम्ही सर्वांना पाठ असलेल्या शब्दावर दिला आहे. आयपीचे बंधन? एसएनएमपी यूडीपीवर धावते, आणि यूडीपीत हस्तांदोलन (आधी दोन्ही बाजूंनी जोडणीची खात्री) नसते, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. उत्तर परत मिळाले नाही तरी हल्लेखोराचे काही अडत नाही, एजंट पडला की काम झाले. शिवाय एसएनएमपीच्या व्हर्जन २सी मध्ये कम्युनिटी उघडीच, एन्क्रिप्शनशिवाय धावते.

एसएनएमपीडीच्या कॉन्फ फाइलमधली 'आरडब्ल्यूकम्युनिटी'ची ओळ काढा. आलेखांना वाचन पुरते. एजंट व्यवस्थापनाच्या इंटरफेसलाच बांधा. यूडीपी १६१ फायरवॉलवर अडवा, आणि बाहेरून आतला पत्ता लावून येणारी पॅकेटे सीमेवरच टाकून द्या. वाचनासाठी व्हर्जन ३, प्रमाणीकरण व एन्क्रिप्शनसह. सेवा रीस्टार्ट करायला विसरू नका. मात्र एखादी स्क्रिप्ट 'सेट' वापरते का, हे ओळ काढण्याआधी नेटवर्क पाहणाऱ्याला विचारा.

प्रश्न: सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) एजंट आपोआप उठवतो. मग घाई काय?
तसे सांगितले असेल तरच उठवतो. पॅकेट पुन्हा आले की एजंट पुन्हा पडतो. मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टमडीही नाद सोडतो. पुढच्या देखभाल-रविवारची वाट पाहू नका.

प्रश्न: एनएएसमध्येही (नेटवर्कवरच्या साठवण-यंत्रात) नेट-एसएनएमपी आहे. फाइल मीच बदलू?
नको. फर्मवेअरबद्दल निर्मात्याला लेखी विचारा. तोवर त्यातले एसएनएमपी बंद ठेवा.