सिनेमा-मालिकांवरचे छोटे स्वतंत्र संकेतस्थळ केवळ जाहिरातींवर चालते का?

फार क्वचित. जाहिरातीचा हिशेब वाचकसंख्येवर बेतलेला असतो आणि दोन-तीन माणसांच्या चमूला ट्रेलर, पहिल्या दिवसाची कमाई आणि कलाकारांच्या भानगडी यांचा रोज रतीब घालणे झेपत नाही. घातला तरी मोठी वृत्तस्थळे तेच आधी छापून मोकळी होतात. ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतविषयक संकेतस्थळाने २०१३ मध्ये सुरू केलेले ‘द डिझॉल्व्ह’ हे चित्रपटविषयक संकेतस्थळ नावाजलेले समीक्षक असूनही २०१५ मध्ये बंद पडले. याउलट ‘डेडस्पिन’ या अमेरिकी क्रीडाविषयक संकेतस्थळातून बाहेर पडलेल्या पत्रकारांनी २०२० मध्ये ‘डिफेक्टर’ काढले, मालकी स्वतःकडे ठेवली आणि मुख्य भिस्त वर्गणीवर ठेवली (अर्थात त्यांचा मुख्य विषय क्रीडा आहे); ‘कोटाकू’ या व्हिडिओ गेमविषयक संकेतस्थळाच्या माजी पत्रकारांचे, प्रामुख्याने व्हिडिओ गेमवर लिहिणारे ‘आफ्टरमाथ’ २०२३ मध्ये त्याच वाटेने गेले.

माझ्या मते वर्गणीदार बातमीसाठी नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या नजरेसाठी पैसे मोजतो, त्यामुळे मालिकेच्या भागावर चार दिवसांनी आलेला पण नीट उलगडून लिहिलेला लेखही त्याला चालतो. लेखासोबत छायाचित्र लावताना एक खबरदारी मात्र घ्यावी: प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ चे कलम ५२ समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा देत असले, तरी केवळ शोभेसाठी उचललेले छायाचित्र त्यात बसेलच असे नाही.