पायाखालचा हत्ती

तुम्ही विचारलंय, कला किंवा निसर्गातली अशी कोणती अजब गोष्ट प्रत्यक्ष पाहिली, जी अजून डोक्यातून जात नाही? मला फार आठवावं लागलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा हत्ती.

सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात गवत आणि रानफुलांनी भरून जातं, पुढे ऊन तापलं की नुसता काळपट कातळ उरतो. गावातले एक काका आम्हाला तिथे घेऊन गेले. मी लांबवर नजर टाकून हत्ती शोधत होतो. काका म्हणाले, "जरा मागे या, तुम्ही त्याच्या पोटावर उभे आहात."

खाली पाहिलं तर बुटाला लागूनच दगडात खोदलेला चर होता, आत लाल माती आणि वाळलेलं गवत. काकांनी खराट्याने तो साफ केला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. ओली रेघ गडद होऊन उठून दिसायला लागली. तिच्या कडेकडेने चालत गेलो तेव्हा पाय कळला, मग पाठ, मग सोंड. हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. त्याच्या अंगातच मासे, पक्षी, चार पायांचे प्राणी अशी ७०-८० लहान चित्रं कोरलेली आहेत. ज्यांनी तो कोरला त्यांनाही तो वरून कधी दिसला नसणार, तरी प्रमाण कुठे चुकलेलं नाही. माझं मन अजून तिथेच अडकलंय.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी हजाराहून जास्त कातळशिल्पं सापडली आहेत. त्यात गेंडाही आहे, आणि आज कोकणात गेंडा कुठे आहे? शेतीचं मात्र एकही चित्र नाही. म्हणून अभ्यासक ही शिल्पं शेती सुरू होण्याआधीच्या, शिकार करून जगणाऱ्या माणसांची मानतात आणि काही जण त्यांचा काळ दहा हजार वर्षांपेक्षाही मागे नेतात. नेमकं वय सांगणं अवघड आहे, कारण दगडात खोदलेल्या रेघेत कार्बन चाचणीला द्यायला कोळसा नसतो की हाड नसतं.

बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ आहेत. देवाचे गोठणेला आडव्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र धरलं की सुई भलतीकडेच वळते. मी तीनदा जागा बदलून पाहिलं, अंगावर काटा आला.

गुराख्यांना या रेघा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. कुणी म्हणायचं पांडवांनी कोरल्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२पासून गावोगाव फिरून, लोकांना विचारून त्या शोधून काढल्या, नोंदवल्या. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो. गोव्यातही कुशावती नदीच्या काठी फणसायमळला अशीच चित्रं आहेत, त्यातलं गोल चक्रव्यूहासारखं चित्र नक्की बघा.

मार्च २०२२मध्ये कोकणातली ८ ठिकाणं आणि फणसायमळ मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली. पण सड्यावर चिरेखाणी, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चौकोनी दगड कापायच्या खाणी आहेत, रस्ते होतायत, आंब्याच्या कलमांसाठी खड्डे पाडले जातात. एकदा चिरा कापून ट्रकमध्ये गेला की त्यावरचं चित्र कायमचं गेलं. उक्षीला मात्र गावकऱ्यांनी पुढाकार घेतला, तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत घातलीय आणि वरून बघायला जागाही केलीय.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि दुपारी चारनंतर. ऊन तिरपं झालं की चरात सावली पडते आणि जी रेघ भर दुपारी सापडत नाही ती लांबूनही दिसते. गावातला कुणीतरी सोबत घ्या. फोटोसाठी रेघांत खडू किंवा रंग भरू नका, पाणी पुरतं. आणि पाऊल टाकण्याआधी खाली बघा.