वाचकांचे प्रश्न : चरणीचं बोकड, कलेजी, वजडी आणि बांगडा

तब्येतीसाठी म्हणून चांगलं मटण, कलेजी, मासळी घरी आणायची आणि ती चुलीवर बिघडायची, अशा तक्रारींची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे शिवारात चरणाऱ्या उस्मानाबादी बोकडाचं मटण मिळतं. चव चांगली असते, पण चार शिट्ट्या काढूनही चिवट राहतं आणि आठ काढल्या तर पीस कोरडे, धाग्याधाग्यांचे होतात. शिवाय गवतावर वाढलेल्या जनावराची चरबी पिवळी असते असं व्हिडिओत सांगतात. इथली तर पांढरीच दिसते. आमची फसवणूक होतेय का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : चरबीच्या रंगावरून खाटकावर संशय घेऊ नका. पिवळ्या चरबीची खूण गाईबैलांची आहे. हिरव्या चाऱ्यातलं सगळं कॅरोटिन गाईला पचवता येत नाही. उरलेलं चरबीत साठतं आणि तिला पिवळसर करतं. शेळी मात्र जवळपास सगळं कॅरोटिन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. म्हणून तिचं लोणी पांढरं असतं आणि रानात चरलेल्या बोकडाची चरबीही पांढरीच. त्यापेक्षा चरबीचा थर पातळ आहे का आणि मांस गडद लाल आहे का ते बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वय विचारा. दुधाचे दात अजून न पडलेलं कोवळं बोकड आणि चार पक्के दात आलेलं, म्हणजे चार दाती, जून बोकड यांच्या शिजण्यात खूप फरक पडतो.

आता चिवटपणाचं. दिवसभर चालणाऱ्या जनावराच्या स्नायूंभोवतीचे चिवट पडदे आणि शिरा जास्त मजबूत असतात आणि ओलावा धरून ठेवणारी चरबी कमी असते. मांसाचे धागे ६०-६५ अंशांपुढे आकसतात आणि पाणी सोडतात. चिवट पडदे मात्र ७० अंशांच्या पुढे, तेही सावकाश, विरघळून मऊ होतात. मोठ्या आचेवर धडाधड शिट्ट्या काढल्या की पाणी आधी निघून जातं आणि पडद्यांना विरघळायला वेळच मिळत नाही. शिट्ट्या मोजून मटण शिजवणं आम्हाला मुळातच पटत नाही, कारण शिट्टी कुकरवर आणि आचेवर अवलंबून असते. मिनिटं मोजा.

एक किलो मटणाला सपाट दोन चमचे मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे आलं-लसूण वाटण लावून तासभर ठेवा. बोकड जून असेल तर एक मोठा चमचा कच्च्या पपईचं वाटणही लावा, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या वर नको, नाहीतर पिसांचा बाहेरचा थर पिठूळ होतो. दोन चमचे तेलात कांदा परतून मटण घाला, मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, सुटलेलं पाणी बरंचसं आटेपर्यंत परता. मग दीड ते दोन कप कडकडीत गरम पाणी घाला. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा. दुधाच्या दातांच्या बोकडाला १५ मिनिटं, दोन दातीला २५, त्याहून जून असेल तर ३५. नंतर कुकर आपोआप सुटू द्या. नळाखाली धरून वाफ घालवली की आतलं पाणी एकदम खळखळतं आणि पीस कोरडे पडतात.

पातेल्यात शिजवायचं असेल तर झाकणावर पाणी ठेवायची जुनी पद्धत उत्तम. वाफ झाकणाला लागून परत खाली पडते आणि रस्सा कमी पडला तर वरचं गरम पाणी हाताशी असतं. थंड पाणी ओतलं तर शिजणं मध्येच थांबतं. पातेल्यात दीड ते दोन तास धरा.

कापल्यावर पहिले दोन-तीन तास मटण मऊ असतं, मग ते ताठरतं. त्यामुळे एकतर लगेच शिजवा, नाहीतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवा. ताजं आणल्याआणल्या बर्फाच्या कप्प्यात मात्र टाकू नका. ताठर होण्याआधीच गोठलेलं मटण वितळताना आखडतं, आणि मग कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही.

गवतावरच्या मांसात ओमेगा-३ जास्त असतं हे खरं, पण ते काही मिलिग्रॅमच. तेवढ्यासाठीच मटण घेत असाल तर बांगडा किंवा तारली आणा. १०० ग्रॅममध्ये एखादा ग्रॅम मिळून जातो.

प्रश्न : हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून आठवड्यातून एकदा कलेजी करते. दर वेळी कडक आणि दाणेदार होते, वासामुळे मुलं खात नाहीत. किती खावी, कशी करावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कलेजी मटणासारखी वीस-वीस मिनिटं शिजवली जाते, तिथेच ती बिघडते. तिच्यात चिवट पडदे जवळपास नसतात. त्यामुळे जास्त शिजवून मऊ होण्यासारखं काही नसतं, फक्त पाणी निघून जातं.

घेताना चकचकीत, एकसारख्या तांबूस-तपकिरी रंगाची घ्या. पांढऱ्या गाठी, पाण्याचे फोड किंवा आत पानासारख्या चपट्या अळ्या दिसल्या तर ती कलेजी घेऊ नका. पाणथळ जागी चरणाऱ्या शेळ्यांत यकृतकृमी सर्रास आढळतात. घरी आणल्यावर लक्षात आलं तर ती पुरून टाका. कुत्र्याला कच्ची कधीच घालू नका, कारण फोडांतला फीतकृमी कुत्र्यामार्फत माणसापर्यंत पोहोचतो.

हिरवट-पिवळा डाग दिसला तर तो पित्ताचा. तेवढा भाग कापून टाका, नाहीतर सगळा तवा कडू होईल. वरची पातळ साल नखाने सोलून काढा. ती आकसते आणि तुकडे वाकडे होतात. एक सेंटिमीटर जाडीचे काप करा. पाव किलोला अर्धा कप दूध घालून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, मग निथळून कोरडे पुसा. वास बराच कमी होतो. रात्रभर भिजवू नका, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात.

कांदा, आलं-लसूण आणि मसाला आधी परतून बाजूला काढा. त्याच लोखंडी तव्यावर चमचाभर तेल चांगलं तापवा आणि काप एकाच थरात पसरा. गर्दी केली तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात. एका बाजूने दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं, मग मसाला घालून झाकण ठेवून एक मिनिट. मीठ शेवटी, कारण आधी लावलं तर पाणी सुटतं. एक काप मधोमध कापून बघा : गुलाबी किंवा रक्ताळ नको, पण ओलसर हवा. वरून लिंबू पिळा. कलेजीतलं लोह शरीर सहज घेतं; लिंबाचा उपयोग सोबतच्या भाकरीतल्या लोहासाठी.

दिल, फुफ्फुस आणि कलेजी एकत्र करायची असेल तर दिल आणि फुफ्फुस आधी कुकरमध्ये बारीक आचेवर १५-२० मिनिटं शिजवून घ्या. कलेजी शेवटची पाच मिनिटं.

मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा ७५ ते १०० ग्रॅम पुरे, लहान मुलांना एक-दोन तुकडे. याहून जास्त नको, कारण कलेजीतलं अ जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असतं आणि ते शरीरात साठतं. गरोदर असाल किंवा दिवस राहावेत असा विचार असेल तर कलेजी टाळा, जास्त अ जीवनसत्त्वाने गर्भाला धोका असतो. युरिक अॅसिड वाढलेल्यांनीही टाळावी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवा. हिमोग्लोबिन का कमी झालं, हेही तपासून घ्या.

प्रश्न : वजडी (बोकडाच्या पोटाची पिशवी) घरी साफ करताना काळा थर निघतच नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : बहुधा पाणी उकळतं वापरता. उकळत्या पाण्यात तो थर शिजून चिकटून बसतो. हात घालता येणार नाही पण बुडबुडेही येत नाहीत, इतपत म्हणजे ६५-७० अंशांचं पाणी घ्या. वजडी एक मिनिट बुडवून बोटाने घासून बघा. थर सुटत असेल तर लगेच बाहेर काढून सुरीच्या बोथट बाजूने खरवडा. सुटत नसेल तर आणखी अर्धा मिनिट. तुकडे करून एकेक बुडवलं तर सोपं जातं. मग जाडं मीठ आणि ज्वारीचं पीठ लावून चोळा, तीन-चार पाण्यांतून काढा. घड्यांच्या आत बोटं घालून धुवा, घाण तिथेच राहते. हळद आणि आलं घालून दहा मिनिटं उकळा, ते पाणी फेकून द्या. त्यानंतर नव्या पाण्यात कुकरला लावा, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ३० मिनिटं. सुकं परतताना सुकं खोबरं आणि थोडी जास्त मिरपूड घाला.

प्रश्न : आईच्या हाडांसाठी पायासूप देतो. कॅल्शियम भरपूर मिळतं ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं. पायांतून मिळतं ते जिलेटिन. फ्रीजमध्ये सूप थिजतं ते त्यामुळेच. चवीला आणि भूक मेलेली असताना ते चांगलं, पण कॅल्शियमसाठी नाचणी, दूध, तीळ, नाहीतर काट्यासकट खाल्ली जाणारी कुरकुरीत मांदेली द्या.

प्रश्न : बाजारातून आणलेला बांगडा खाल्ल्यावर तासाभरात घरातल्या तिघांचे चेहरे लाल झाले, अंगावर पित्त उठलं. मासा नीट शिजवला होता. ही ॲलर्जी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तिघांना एकदम झालं म्हणजे ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनची शक्यता जास्त. बांगडा, तारली, कुप्पा, सुरमई हे मासे बर्फाशिवाय उबेत राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखीच लक्षणं आणणारं द्रव्य तयार करतात. ते तळून, उकळून किंवा गोठवून नष्ट होत नाही, आणि मासा दिसायला ठीकही असू शकतो. पुन्हा असं झालं तर डॉक्टरांकडे जा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर क्षणभरही थांबू नका.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी बर्फात गाडलेलाच मासा घ्यावा. वर नुसते चार खडे टाकलेले असतील तर नको. डोळा फुगीर, कल्ले लाल, पोट घट्ट हवं. पिशवीत माशाच्या वजनाइतका बर्फ मागून घ्या. घरी आल्याआल्या कल्ले, आतडी आणि पोटातला काळा पापुद्रा काढा. तिखट-मीठ लावून ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा. गोठवलेला मासाही रात्रभर फ्रीजमध्येच वितळवा.

चार मध्यम बांगड्यांना तिरके छेद देऊन मीठ, हळद आणि दोन चमचे कोकमाचं आगळ लावा, वीस मिनिटं पुरेत. मध्यम तव्यावर प्रत्येक बाजूला चार मिनिटं. तव्याला चिकटतो तो तेल न तापल्याने किंवा लवकर उलटल्याने. कड आपोआप सुटेपर्यंत थांबा. कालवण करायचं तर वाटण आधी उकळून घ्या, मग मासा सोडा, सहा-सात मिनिटं. डाव घालू नका, भांडं दोन्ही हातांनी हलवा. काळ्या बिया काढलेली आठ-दहा तिरफळं ठेचून माशाबरोबरच घाला.

प्रश्न : तिसऱ्यांतली (खाडीतल्या शिंपल्यांतली) वाळू जात नाही. साध्या पाण्यात रात्रभर ठेवते, सकाळी काही मरून पडतात.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : गोड्या पाण्यात तिसऱ्या तोंड मिटतात आणि मरतात. एक लिटर पाण्यात सपाट दोन मोठे चमचे जाडं मीठ विरघळवा. पसरट ताटात, तिसऱ्या जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात, अंधाऱ्या थंड जागी दोन तास ठेवा. त्या स्वतःच वाळू टाकतात. उघड्या असतील त्यांवर टिचकी मारा, मिटली नाही तर फेका. अर्धा कप पाण्यात झाकण घालून मोठ्या आचेवर उकडा. उघडल्या म्हणून लगेच उतरवू नका, आणखी तीन-चार मिनिटं उकळी राहू द्या. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे खाडीतले जंतू आणि धातू त्यांच्यात साठतात. जंतू उकळीने मरतात, धातू नाहीत. कारखान्यांचं पाणी मिसळणाऱ्या खाडीतल्या तिसऱ्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. शिजूनही न उघडलेल्या काढून टाका. उकडलेलं पाणी फडक्यातून गाळून कालवणात घाला, सगळी चव त्यातच असते.